लॅपटॉपमधील प्रोसेसर बदल

लॅपटॉपमधील प्रोसेसर बदल म्हणजे लॅपटॉप संगणकात मुळात बसवलेला केंद्रीय प्रक्रिया एकक, अर्थात सीपीयू, काढून त्याच्या जागी त्याच मदरबोर्डावर चालणारा अधिक सक्षम प्रोसेसर बसवणे होय. मेजावरच्या संगणकात हा बदल नेहमीचा मानला जातो. लॅपटॉपमध्ये मात्र तो ठरावीक काळात बनलेल्या ठरावीक यंत्रांपुरताच शक्य आहे. स्थूलमानाने २००६ ते २०१४ या काळात विकल्या गेलेल्या अनेक मध्यम व मोठ्या आकाराच्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर सॉकेटमध्ये बसवलेला असे. त्यानंतरच्या जवळजवळ सर्व लॅपटॉपमध्ये तो मदरबोर्डावर कायमचा डाखलेला असतो.

प्रोसेसर बदलल्याने जुने यंत्र काही वर्षे अधिक उपयोगी ठरू शकते. परंतु चुकीचा भाग विकत घेतल्यास पैसे वाया जातात आणि हाताळणीत चूक झाल्यास चालू स्थितीतील लॅपटॉपही बंद पडू शकतो. त्यामुळे सॉकेट, चिपसेट, बायोस, उष्णता आणि विद्युत पुरवठा या बाबींची पडताळणी खरेदीपूर्वीच करावी लागते.

पार्श्वभूमी

१९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात इंटेलने काही लॅपटॉपसाठी प्रोसेसर, दुय्यम कॅशे आणि चिपसेटचा एक भाग एका छोट्या पट्टीवर एकत्र बसवून विकण्याची पद्धत सुरू केली होती. या पट्टीला मोबाइल मॉड्यूल म्हणत. ही पट्टी जोडणीतून उपसता येत असल्याने पेंटियमच्या त्या पिढीतील काही लॅपटॉपचा प्रोसेसर बदलता येई. पुढे पट्टीची जागा सॉकेटने घेतली. पिना असलेला प्रोसेसर सॉकेटमध्ये अलगद ठेवायचा आणि स्क्रू फिरवून घट्ट करायचा, ही रचना उत्पादकांच्या सोयीची होती. एकच मदरबोर्ड तयार करून ग्राहकाच्या मागणीनुसार त्यावर स्वस्त वा महाग प्रोसेसर बसवता येई. ग्राहकाला पुढे तो बदलता यावा हा त्यामागील हेतू नव्हता. तो केवळ या सोयीचा आनुषंगिक लाभ होता, आणि सॉकेट नाहीसे होताना त्याविषयी फारशी हळहळ का व्यक्त झाली नाही, याचेही उत्तर बहुधा यातच आहे.

डाखलेल्या प्रोसेसरच्या खालच्या बाजूस पिनांऐवजी कथिलमिश्रित धातूच्या बारीक गोळ्यांची जाळी असते. कारखान्यात उष्णता देऊन या गोळ्या मदरबोर्डावर वितळवतात. सॉकेटची उंची वाचल्याने यंत्र पातळ करता येते, जोडणीचा खर्च घटतो आणि धक्क्याने प्रोसेसर सैल होण्याची शक्यता राहत नाही. सडपातळ लॅपटॉपमध्ये ही पद्धत आधीपासूनच होती. ॲपलच्या इंटेल प्रोसेसर असलेल्या मॅकबुक व मॅकबुक प्रो या मालिकांत तो २००६पासूनच डाखलेला होता, तर त्याच वर्षीच्या मॅक मिनीत मात्र तो सॉकेटमध्ये होता. इंटेलच्या चौथ्या पिढीनंतर, म्हणजे पाचव्या पिढीच्या ब्रॉडवेलपासून, लॅपटॉपसाठीचे पिनांचे सॉकेट पूर्णतः बंद झाले. एएमडीनेही त्याच सुमारास हा मार्ग सोडला.

सॉकेटच्या पिढ्या

इंटेलच्या कोअर ड्युओ व पहिल्या कोअर २ ड्युओ प्रोसेसरांसाठी २००६मध्ये सॉकेट एम आले. २००७मध्ये सॉकेट पी आले. या दोहोंत ४७८ पिनांचे प्रोसेसर बसतात आणि ते दिसायलाही सारखेच असतात, परंतु पिनांची मांडणी वेगळी असल्याने एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात चालत नाही. हाच प्रकार पुढेही दिसतो. २००९मध्ये आलेले सॉकेट जी१ आणि २०११मध्ये आलेले सॉकेट जी२ या दोहोंच्या नावात ९८८ हाच आकडा आहे. पहिले आरपीजीए९८८ए, तर दुसरे आरपीजीए९८८बी. शेवटच्या एका अक्षराकडे दुर्लक्ष करून भाग मागवणाऱ्याला तो परत पाठवण्याखेरीज पर्याय राहत नाही. सॉकेट जी२ मध्ये दुसऱ्या पिढीचे सँडी ब्रिज व तिसऱ्या पिढीचे आयव्ही ब्रिज प्रोसेसर बसतात. चौथ्या पिढीच्या हॅसवेल प्रोसेसरांसाठी २०१३मध्ये सॉकेट जी३ आले. ते या मालिकेतील अखेरचे.

एएमडीचे ६३८ पिनांचे सॉकेट एस१ २००६मध्ये आले. त्याच्या एस१जी१ ते एस१जी४ अशा आवृत्त्या निघाल्या. त्यांचा यांत्रिक आकार सारखा असला तरी विद्युत रचना वेगळी आहे. २०११मध्ये लानो प्रोसेसरांबरोबर ७२२ पिनांचे सॉकेट एफएस१ आले आणि ट्रिनिटी प्रोसेसरांसाठी त्याची सुधारित, पण जुन्याशी न जुळणारी आवृत्ती निघाली.

एखाद्या लॅपटॉपमधील प्रोसेसर सॉकेटमध्ये आहे की डाखलेला, हे मालिकेच्या नावावरून ठरवता येत नाही. लेनोवोच्या थिंकपॅड टी४४०पी या लॅपटॉपमध्ये सॉकेट जी३ आहे, पण नावाने त्याची जुळी भावंडे वाटणाऱ्या टी४४० व टी४४०एस या यंत्रांत कमी विजेवर चालणारे डाखलेले प्रोसेसर आहेत. त्याआधीच्या टी४२०मध्ये सॉकेट आहे, त्याच काळातील लहान आकाराच्या एक्स२२०मध्ये नाही. इंटेलच्या बाबतीत प्रोसेसरच्या क्रमांकाचे शेवटचे अक्षर बरेच काही सांगते. दुसऱ्या ते चौथ्या पिढीत ‘यू’ हे अक्षर असल्यास प्रोसेसर डाखलेला असतो. ‘एम’, ‘क्यूएम’ किंवा ‘एमक्यू’ असल्यास तो सॉकेटमध्ये असण्याची शक्यता असते, परंतु दुसऱ्या व तिसऱ्या पिढीत ‘एम’ व ‘क्यूएम’ क्रमांकांचे काही प्रोसेसर दोन्ही स्वरूपांत निघाले होते. म्हणून अंतिम खात्री उत्पादकाच्या देखभाल पुस्तिकेवरूनच करावी. या पुस्तिकेत प्रोसेसर स्वतंत्र बदली भाग म्हणून नोंदलेला असेल, तर तो सॉकेटमध्ये आहे असे समजावे.

सुसंगतता

सॉकेट जुळणे ही आवश्यक अट आहे, पुरेशी नव्हे. प्रोसेसर मदरबोर्डावरील चिपसेटशी ज्या मार्गाने संवाद साधतो त्याचा वेग दोघांनाही मान्य असावा लागतो. कोअर २ ड्युओच्या काळात हा मार्ग फ्रंट साइड बस या नावाने ओळखला जाई. इंटेलच्या ९६५ मालिकेतील मोबाइल चिपसेटवर तो जास्तीत जास्त ८०० मेगाहर्ट्झ होता. त्यामुळे अशा सॉकेट पी यंत्रात ८०० मेगाहर्ट्झ बसवर चालणारा, २.६ गिगाहर्ट्झचा टी९५०० हा व्यवहारतः वरचा पर्याय ठरतो. २.८ गिगाहर्ट्झचा टी९६०० त्याच सॉकेटमध्ये बसतो, परंतु त्याला १०६६ मेगाहर्ट्झची बस लागते. तो त्या मदरबोर्डासाठी बनलेला नाही.

दुसरी अट बायोसची. संगणक सुरू होताना बायोस प्रोसेसरची ओळख पटवतो आणि त्याला मायक्रोकोड नावाच्या दुरुस्त्यांचा संच पुरवतो. नव्या प्रोसेसरची ओळख बायोसला नसेल, तर पडदा काळाच राहतो, असमर्थित प्रोसेसरची सूचना येते, किंवा यंत्र सुरू होऊनही प्रोसेसर किमान वेगावरच अडकून पडतो. टी९५०० ज्या पेनरिन कुळातील आहे, ते ४५ नॅनोमीटरचे प्रोसेसर आधीच्या मेरोम कुळासाठी बनलेल्या अनेक लॅपटॉपवर बायोसची नवी आवृत्ती घातल्यावरच चालू लागले. बायोस अद्ययावत करण्याचे काम जुना प्रोसेसर जागेवर असतानाच उरकावे लागते. नवा बसवल्यावर पडदाच उमटला नाही, तर ती संधी उरत नाही. विंडोजमध्ये बिटलॉकरने माहिती कूटबद्ध केलेली असल्यास त्यापूर्वी पुनर्प्राप्तीची किल्ली कागदावर उतरवून ठेवावी. बायोस बदलल्यानंतर ती विचारली जाण्याची शक्यता असते आणि किल्ली हाती नसल्यास डिस्कवरील सर्व माहितीला मुकावे लागते.

तिसरी बाब चित्रप्रक्रियेची आहे आणि ती सहसा नजरेतून सुटते. सॉकेट जी१ साठीच्या दोन कोअरच्या अरांडेल प्रोसेसरांत चित्रप्रक्रिया एकक प्रोसेसरच्याच वेष्टनात समाविष्ट होते. त्याच सॉकेटसाठीच्या चार कोअरच्या क्लार्क्सफील्ड प्रोसेसरांत, उदाहरणार्थ कोअर आय७-७२०क्यूएममध्ये, ते नव्हते. स्वतंत्र ग्राफिक्स नसलेल्या लॅपटॉपमध्ये असा प्रोसेसर बसवल्यास तो गणना करील, पण पडद्यावर काहीही उमटणार नाही. सँडी ब्रिजपासून पुढील मोबाइल प्रोसेसरांत ही अडचण राहिली नाही.

उष्णता आणि वीज

प्रत्येक प्रोसेसरला उत्पादकाने उष्णतेची एक मर्यादा ठरवून दिलेली असते. ती वॅटमध्ये मोजतात आणि शीतकरण व्यवस्थेने सातत्याने किती उष्णता बाहेर टाकावी लागेल हे तिच्यावरून कळते. सँडी ब्रिज काळातील दोन कोअरच्या नेहमीच्या मोबाइल प्रोसेसरांची मर्यादा ३५ वॅट, तर चार कोअरच्या बहुतेक प्रोसेसरांची ४५ वॅट होती. हॅसवेलमध्ये हे आकडे अनुक्रमे ३७ व ४७ झाले. दहा वॅटचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. पण ३५ वॅटसाठी बेतलेला तांब्याचा उष्णतावाहक आणि तळहाताएवढाही नसलेला पंखा यांच्यासाठी तो एक चतुर्थांशाहून अधिक वाढीव भार असतो.

उष्णता बाहेर पडली नाही म्हणून हे प्रोसेसर सहसा जळत नाहीत. सुमारे १०० अंश सेल्सिअसच्या मर्यादेजवळ पोहोचताच ते स्वतःचा वेग कमी करतात. प्रोसेसरने खर्चलेली वीज ही वारंवारता आणि विद्युत दाबाचा वर्ग यांच्या प्रमाणात बदलत असल्याने वेग व दाब थोडा उतरवला तरी उष्णता लक्षणीय घटते. परिणामी अपुऱ्या शीतकरणाच्या लॅपटॉपमध्ये महागडा चार कोअरचा प्रोसेसर पहिले अर्धे मिनिट उत्तम चालतो आणि मग जाहिरातीतील वेगाच्या बराच खाली स्थिरावतो. पंख्याचा अखंड घरघराट आणि तापलेला कळफलक तेवढा पदरात पडतो.

म्हणूनच चार कोअर असूनही मर्यादा कमी असलेल्या मोजक्या प्रोसेसरांना जुन्या भागांच्या बाजारात विशेष मागणी असते. तिसऱ्या पिढीतील कोअर आय७-३६१२क्यूएम व आय७-३६३२क्यूएम हे ३५ वॅटचे आहेत. चौथ्या पिढीतील आय७-४७०२एमक्यू व आय७-४७१२एमक्यू हे ३७ वॅटचे आहेत. मूळच्या दोन कोअरच्या प्रोसेसरएवढीच उष्णता मर्यादा पाळून ते कोअरची संख्या दुप्पट करतात.

उष्णतेबरोबरच वीजपुरवठ्याचाही विचार करावा लागतो. मदरबोर्डावरील विद्युत दाब नियंत्रक मंडल ज्या प्रवाहासाठी बनले आहे त्याहून अधिक प्रवाह मागणारा प्रोसेसर बसवल्यास ते मंडल तापते आणि कालांतराने निकामी होऊ शकते. तोच मदरबोर्ड उत्पादकाने चार कोअरच्या प्रोसेसरसह विकला होता का, हे पाहणे ही याची सर्वांत सोपी कसोटी होय. विकला असल्यास मंडल पुरेसे आहे. अशा वेळी मोठ्या प्रोसेसरच्या प्रतीबरोबर किती वॅटचे अडॅप्टर दिले जाई, तेही पाहावे. अपुऱ्या अडॅप्टरवर चालणारे यंत्र कामाच्या भरात बॅटरी भरणे थांबवते किंवा प्रोसेसरचा वेग रोखून धरते.

कोणता बदल फलदायी ठरतो

थिंकपॅड टी४४०पीचे उदाहरण घेतल्यास हिशेब स्पष्ट होतो. या लॅपटॉपमध्ये पुष्कळदा कोअर आय५-४३००एम आढळतो. त्यात दोन कोअर, चार थ्रेड आणि ३ मेगाबाइट कॅशे असून वेग २.६ गिगाहर्ट्झ आहे, जो टर्बो अवस्थेत ३.३ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. त्याऐवजी आय७-४७०२एमक्यू बसवल्यास कोअर चार, थ्रेड आठ आणि कॅशे ६ मेगाबाइट होते, परंतु मूळ वेग २.२ व कमाल वेग ३.२ गिगाहर्ट्झ असतो. म्हणजे एकाच कोअरवर अवलंबून असलेल्या कामात नवा प्रोसेसर जुन्यापेक्षा किंचित मागेच राहू शकतो. पत्र लिहिणे, एखादे संकेतस्थळ उघडणे, हिशेबाचा तक्ता भरणे ही कामे याच प्रकारची. याउलट चित्रफितीचे रूपांतर, मोठ्या आज्ञावलीचे संकलन, आभासी यंत्रे चालवणे, त्रिमितीय चित्रांकन अशी अनेक कोअरांत वाटली जाणारी कामे पुष्कळ लवकर संपतात. दोन्ही प्रकारची कामे असणाऱ्यांसाठी ४७ वॅटचा आय७-४८००एमक्यू हा मार्ग उरतो. त्याचा वेग २.७ ते ३.७ गिगाहर्ट्झ आहे, मात्र शीतकरणाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. या यंत्राच्या स्वतंत्र ग्राफिक्स असलेल्या प्रतीत अधिक क्षमतेचा उष्णतावाहक असे. मोठा प्रोसेसर बसवणारे अनेक जण तोच वाहक साध्या प्रतीतही वापरतात.

सर्वांत जाणवणारा आणि सर्वांत कमी जोखमीचा बदल मात्र खालच्या पायरीवर आहे. सॉकेट जी२ असलेल्या स्वस्त लॅपटॉपमध्ये पेंटियम बी९५० सारखे प्रोसेसर असत. त्यात दोन कोअर व दोनच थ्रेड, २ मेगाबाइट कॅशे आणि २.१ गिगाहर्ट्झचा स्थिर वेग आहे, टर्बो नाही. त्याच्या जागी आय५-२५२०एम किंवा आय७-२६४०एम बसवल्यास उष्णतेची मर्यादा ३५ वॅट हीच राहते. आय७-२६४०एम टर्बो अवस्थेत ३.५ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, म्हणजे एका कोअरचे कामही स्पष्टपणे वेगवान होते. शिवाय पेंटियममध्ये नसलेल्या एव्हीएक्स या आज्ञा आणि कूटबद्धतेला गती देणाऱ्या एईएस आज्ञा उपलब्ध होतात. संपूर्ण डिस्क कूटबद्ध करून ठेवणाऱ्याला या दुसऱ्या आज्ञासंचाचा फायदा रोज मिळतो. कोअर २ ड्युओच्या काळातील टी५००० मालिकेतील काही प्रोसेसरांत आभासी यंत्रांसाठी लागणारी हार्डवेअर सुविधा नव्हती. ती टी७००० व त्यापुढील मालिकांतील प्रोसेसर बसवून मिळवता येते.

प्रोसेसर बदलण्यापूर्वी यंत्र नेमके कशामुळे मंद आहे, हे तपासणे अगत्याचे आहे. यांत्रिक हार्ड डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेत असेल, तर एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी असलेली माहिती वाचकशीर्षाखाली येण्यासाठी सरासरी निम्म्या फेऱ्याची वाट पाहावी लागते, शीर्ष सरकण्याचा वेळ वेगळाच. या काळात प्रोसेसर कितीही वेगवान असला तरी रिकामा बसून असतो. एसएसडीमध्ये ही प्रतीक्षा जवळजवळ नाहीशी होते. त्यामुळे हार्ड डिस्क अजून यांत्रिक असेल किंवा रॅम ४ गिगाबाइटच असेल, तर पहिला खर्च त्यांवर करणे शहाणपणाचे. कार्य व्यवस्थापकात प्रोसेसरचा वापर सतत शंभर टक्क्यांजवळ आणि डिस्कचा वापर कमी दिसत असेल, तरच प्रोसेसर हा अडथळा आहे असे म्हणता येईल. वर्षानुवर्षे न उघडलेल्या यंत्रात तर नुसती धूळ काढून थर्मल पेस्ट बदलल्यावरही जुन्याच प्रोसेसरचा गमावलेला वेग परत येतो.

जुन्या भागांची खरेदी

हे प्रोसेसर आता उत्पादनात नाहीत. बाजारात मिळणारे बहुतेक भाग कार्यालयांनी वापरून निकाली काढलेल्या लॅपटॉपमधून काढलेले असतात. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि दिल्लीत नेहरू प्लेस येथे असे सुटे भाग विकणारी दुकाने आहेत, तसेच ऑनलाइन विक्रेतेही आहेत. प्रोसेसरवर छापलेला क्रमांक वाचून घेणे आवश्यक असते. दुसऱ्या पिढीपासूनच्या इंटेल मोबाइल प्रोसेसरवर ‘एसआर’ने सुरू होणारा पाच अक्षरी संकेत असतो, त्याआधीच्या कोअर २ ड्युओवर तो ‘एसएल’ने सुरू होतो. ‘क्यू’ने सुरू होणारा चार अक्षरी संकेत किंवा ‘गोपनीय’ अशा अर्थाचा इंग्रजी शिक्का असल्यास तो चाचणीसाठी बनवलेला नमुना असतो. हे नमुने उत्पादकाने विक्रीसाठी काढलेलेच नसतात. त्यांत दोष असू शकतात आणि सर्वसाधारण बायोस त्यांना ओळखेलच असे नाही. किंमत फारच कमी दिसल्यास प्रथम हीच शंका घ्यावी.

पिना वाकलेल्या नाहीत ना, तुटलेल्या नाहीत ना, आणि मधल्या चकाकत्या चौकोनाचे कोपरे उडालेले नाहीत ना, हे भिंगातून पाहून घ्यावे. किंचित वाकलेली पिन पातळ पात्याने हळुवार सरळ करता येते. तुटलेली पिन मात्र सहसा जोडली जात नाही.

प्रत्यक्ष बदल

कामास सुरुवात करण्यापूर्वी अडॅप्टर व बॅटरी काढून चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरतात, जेणेकरून मंडलात उरलेला विद्युत भार संपतो. अंगावरील स्थिर विद्युत घालवण्यासाठी भूसंपर्क असलेल्या धातूच्या वस्तूला स्पर्श करतात किंवा त्यासाठीचा मनगटी पट्टा वापरतात. महाराष्ट्राच्या किनारी भागातील दमट पावसाळ्यात स्थिर विद्युताचा धोका कमी असतो, तर विदर्भातील कोरड्या हिवाळ्यात तो खरोखरच असतो.

प्रोसेसरपर्यंत पोहोचण्याची वाट प्रत्येक यंत्रात निराळी आहे. थिंकपॅड टी४२०मध्ये कळफलक व तळहात टेकण्याची पट्टी काढून वरच्या बाजूने जावे लागते. टी४४०पीमध्ये तळाचे छोटे झाकण काढल्यावर रॅम दिसते, परंतु प्रोसेसरसाठी तळाची संपूर्ण चौकटच काढावी लागते. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असल्याने ते कागदावर यंत्राचे रेखाचित्र काढून त्या त्या जागी ठेवण्याची सवय उपयोगी पडते. आखूड स्क्रूच्या जागी लांब स्क्रू पिळल्यास तो कळफलकाच्या किंवा मदरबोर्डाच्या आरपार जातो.

उष्णतावाहकावरील स्क्रूंशेजारी बहुधा आकडे कोरलेले असतात. काढताना व बसवताना देखभाल पुस्तिकेत दिलेला क्रम पाळावा. आकडे नसल्यास समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे फिरवावेत. याचे कारण लॅपटॉपच्या प्रोसेसरच्या रचनेत आहे. मेजावरच्या संगणकाच्या प्रोसेसरवर धातूची जाड टोपी असते. लॅपटॉपच्या प्रोसेसरवर ती नसते, उघडी सिलिकॉन चकती थेट वाहकाला टेकते. एका बाजूने दाब आल्यास या चकतीचा कोपरा काचेसारखा उडतो आणि प्रोसेसर कायमचा निकामी होतो. जुनी पेस्ट वाळून वाहक चिकटला असेल, तर तो सरळ ओढू नये. अडचण आधीच लक्षात घेऊन यंत्र खोलण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे चालवले, तर पेस्ट मऊ होते आणि वाहक किंचित पिळ देऊन सुटतो.

लॅपटॉपच्या सॉकेटला मेजावरच्या संगणकाप्रमाणे तरफ नसते. त्याच्या एका कडेला चपट्या खाचेचा स्क्रू असतो आणि त्याजवळ बंद व उघड्या कुलपाची चिन्हे असतात. हा स्क्रू अर्धा फेरा फिरवला की आतील पकड सुटते. तो गोल गोल फिरवत राहायचा नसतो, अर्ध्या फेऱ्यानंतर अडला की थांबायचे. पकड सुटल्यावर जुना प्रोसेसर सरळ वर उचलला जातो. नव्या प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावरील त्रिकोण सॉकेटवरील खुणेशी जुळवून तो ठेवला की स्वतःच्या वजनानेच आत बसतो. या सॉकेटांत प्रोसेसर बसवताना शून्य बळ लागावे अशीच योजना असते, त्यामुळे दाबावे लागत असेल तर काहीतरी चुकलेले आहे असे खुशाल समजावे. तो सपाट बसल्याची खात्री झाल्यावरच स्क्रू उलट फिरवून पकड बंद करतात.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसून चकतीवर नवी पेस्ट लावतात. चकती उघडी असल्याने तिचा पूर्ण पृष्ठभाग झाकला जाईल एवढा पातळ थर हवा. वाहकाखाली इतर चिपांसाठी मऊ पट्ट्या असतील, तर त्या मूळ जाडीच्याच असाव्यात. जाड पट्टी बसवल्यास वाहक प्रोसेसरपासून केसभर वर राहतो आणि सारे श्रम फुकट जातात. पंख्याची तार जोडायची राहून जाणे ही अगदी सर्रास होणारी चूक आहे.

प्रथम सुरू करताना यंत्र नेहमीपेक्षा अधिक वेळ घेऊ शकते. बायोसमध्ये नव्या प्रोसेसरचे नाव व रॅम पूर्ण दिसते का हे पाहून मग कार्यप्रणाली सुरू करतात. तापमान दाखवणारी आज्ञावली चालू ठेवून किमान अर्धा तास प्रोसेसरवर पूर्ण भार दिला जातो. या काळात तापमान ९० अंशांच्या आत स्थिरावले आणि वेग टिकून राहिला तर बदल यशस्वी झाला. काही सेकंदांतच तापमान १०० अंशांना भिडत असेल, तर वाहक नीट टेकलेला नाही आणि यंत्र पुन्हा उघडणे भाग आहे. जुना प्रोसेसर यानंतरही काही आठवडे जपून ठेवावा.

मर्यादा

प्रोसेसर बदलला तरी यंत्र आपल्या पिढीबाहेर जात नाही. विंडोज १०चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११साठी मायक्रोसॉफ्टने इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे आणि अपवादादाखल सातव्या पिढीतील थोडे प्रोसेसर अधिकृत यादीत घेतले आहेत. सॉकेट असलेला इंटेलचा अखेरचा नेहमीचा लॅपटॉप प्रोसेसर चौथ्या पिढीचा असल्याने कोणत्याही अदलाबदलीने तो या यादीत पोहोचत नाही. विंडोज ११च्या २४एच२ या आवृत्तीला लागणाऱ्या काही आज्ञा कोअर २ ड्युओमध्ये नाहीतच, त्यामुळे तेथे आडमार्गही खुंटतो. अशा यंत्रांवर लिनक्सच्या वितरणांचा पर्याय उरतो.

सुरक्षेचाही मुद्दा आहे. जानेवारी २०१८मध्ये मेल्टडाउन व स्पेक्टर या प्रोसेसरांतील त्रुटी जाहीर झाल्यानंतर इंटेलने सँडी ब्रिज व त्यापुढील पिढ्यांसाठी दुरुस्त मायक्रोकोड काढला, पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये पेनरिन आणि क्लार्क्सफील्ड यांसारख्या जुन्या कुळांसाठीचे काम थांबवल्याचे कळवले. बँकेचे व्यवहार किंवा इतरांची खासगी माहिती ज्या यंत्रावर हाताळायची आहे, त्यासाठी त्या कुळातील प्रोसेसरवर नव्याने पैसे खर्च करणे योग्य ठरत नाही.

डाखलेला प्रोसेसर उष्ण हवेच्या यंत्राने काढून दुसरा बसवणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे आणि चीनमधील काही कारागीर ते करतात. मात्र त्यासाठीची उपकरणे व कौशल्य पाहता घरगुती वापरकर्त्यासाठी तो मार्ग नाही. त्याऐवजी संपूर्ण मदरबोर्डच बदलला जातो. एकाच मालिकेतील अधिक क्षमतेच्या प्रतीचा मदरबोर्ड त्याच साच्यात बसत असल्यास डाखलेल्या प्रोसेसरच्या लॅपटॉपमध्येही असा बदल होऊ शकतो. चीनमधील ५१एनबी या हौशी गटाने थिंकपॅड एक्स६१ व एक्स२०१ यांच्या जुन्या साच्यांत बसणारे नव्या पिढीचे मदरबोर्ड तयार करून हीच कल्पना पुढे नेली. अमेरिकेतील फ्रेमवर्क या कंपनीने २०२१मध्ये आणलेल्या लॅपटॉपची तर रचनाच मदरबोर्ड बदलता यावा अशी आहे. २०२२मध्ये इंटेलच्या बाराव्या पिढीचा आणि २०२३मध्ये एएमडीच्या रायझन ७०४० मालिकेचा मदरबोर्ड त्याच साच्यासाठी उपलब्ध झाला, आणि काढलेला जुना मदरबोर्ड वेगळ्या पेटीत बसवून स्वतंत्र संगणक म्हणून वापरता येतो.